वाचकांचे प्रश्न : अळणी लागतं ते जिभेमुळे की नाकामुळे?

प्रश्न : सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज "आमटी अळणी झालीय" म्हणतात आणि वरून मीठ घेतात. आम्हाला तीच आमटी खारट लागते. त्यांची जीभच गेली का?
– एक सून, खानापूर तालुका

उत्तर : जीभ जात नाही, मंदावते. जिभेवरच्या रुचिकलिकांमधल्या, म्हणजे चव ओळखणाऱ्या सूक्ष्म गाठींमधल्या पेशी साधारण १० ते १४ दिवसांनी नव्या येत राहतात. उतारवयात हे काम रेंगाळतं, आणि खारट कळायला मीठ जास्त लागतं. गोडाची जाण त्या मानानं टिकते, म्हणून भाजीला नावं ठेवणारं माणूस कुंदा मात्र आवडीनं खातं. पण मोठा फटका बसतो तो नाकाला. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यात त्याचा वाटा फार मोठा. साठीनंतर तोच कमी होत जातो.

घरीच पाहा. नाक चिमटीत धरून सासूबाईंना गुळाचा लहानसा खडा चघळू द्या. नुसतं गोड कळेल. नाक सोडलं की गुळाचा वास एकदम भरून यायला हवा. गोड कळलं आणि वास आलाच नाही, तर अडचण नाकात आहे. मग मीठ वाढवून उपयोग नाही, वास वाढवायला हवा.

नेहमीच्या मिठातला पाव भाग आमटीतून कमी करा आणि दोन आमसुलं जास्त टाका किंवा ताटात लिंबू पिळा. आंबटामुळे कमी मीठही पुरेसं वाटतं. लसूण-जिऱ्याची फोडणी अर्धी राखून वाढायच्या वेळी वरून घाला. आमटी वाफाळती असू द्या, गार अन्नाचा वास उठत नाही. शेंगाचटणी आठवड्यापुरतीच करा, नाहीतर दाण्यांच्या तेलाला खवट वास लागतो आणि तो त्यांना कळणारही नाही. तिखट ही चव नव्हे, ती जळजळ आहे आणि वेगळ्या मज्जातंतूनं कळते; म्हणून वास कमी झालेली माणसं ठेचा मागतात. संकेश्वरी मिरचीचा थोडा ठेचा द्यायला हरकत नाही, पण त्यातलं मीठही हिशेबात धरा. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे लोणचं-पापड धरून एक सपाट छोटा चमचा.

कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल वा मूत्रपिंड कमजोर असेल, तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि हो, नाक मंदावलेल्या माणसाला गॅस गळल्याचाही वास येत नाही. रात्री शेगडीचं बटण आणि सिलिंडरचा रेग्युलेटर तुम्हीच बघत जा.

प्रश्न : मधुमेहाची गोळी सुरू झाल्यापासून तोंडात पत्रा चघळल्यासारखं वाटतं. तंबाखूची सवय जुनी आहे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : गोळी मेटफॉर्मिन असेल तर ही तक्रार ओळखीची आहे, बहुतेकांची काही आठवड्यांत निवळते. ती जेवणासोबत घ्या, मनानं बंद करू नका. त्रास टिकला तर डॉक्टर हळूहळू विरघळणारी गोळी देऊ शकतात. तोंड कोरडं पडत असेल तर जेवणाआधी चूळ भरा, कारण पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय जिभेला चव कळत नाही. चव परत यावी म्हणून जस्ताच्या गोळ्या अंदाजानं सुरू करू नका. फार दिवस घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी होतं.

निपाणीकरांना तंबाखू सोडा म्हणणं जड जातं, तरी सांगतोच. तंबाखूनं चव बोथट होते, आणि चवीपेक्षा मोठा धोका कर्करोगाचा आहे. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठा.

प्रश्न : वरची कवळी बसवल्यापासून भाकरीला चवच नाही.
– एक आजी, चिकोडी

उत्तर : कवळीनं टाळू झाकला जातो, त्यामुळे घासाचा खरखरीतपणा आणि ऊब कळेनाशी होते. काही आठवड्यांत सवय होते. तोवर भाकरी आमटीत कुस्करून, दोन्ही बाजूंनी सावकाश चावा. चहा आधी ओठाला लावून बघा. टाळूला चटका कळत नाही, तो थेट घशाला बसतो.