पेपरातले उल्लेख मोजू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एम.ए.चा प्रबंध, विषय ‘पद सोडल्यानंतर माजी पंतप्रधानांचा राजकीय प्रभाव’, गाइड विचारतात की प्रभाव मोजणार कशाने, आणि उत्तर म्हणून तुम्ही पेपरातले उल्लेख मोजायला घेतलेत. तीन महिन्यांची कात्रणं झाली म्हणता. कृपया आजच थांबा. मी नाशिकमध्येच, एम.फिल.ला, अगदी हेच केलं होतं आणि त्यात माझं दीड वर्ष गेलं.

आधीच सांगते, मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, संशोधनाची मार्गदर्शक नाही. तुमच्या गाइडचं मत वेगळं पडलं तर त्यांचंच ऐका. आराखडा, गृहीतक, संदर्भ कसे द्यायचे हे तुम्हाला येत असेलच, त्यात शिरत नाही.

दर शनिवारी सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बसायचं, जुने अंक चाळायचे, ज्या माजी पंतप्रधानाचं नाव दिसेल त्याच्यापुढे वहीत रेघ ओढायची. तिथल्या मंडळींनी मला गठ्ठेच्या गठ्ठे काढून दिले, त्यांचे उपकार आहेत. चूक माझी होती. मी प्रत्येक रेघ सारखीच धरली. जयंतीची जाहिरात, पुण्यतिथीचा कार्यक्रम, चौकाचं नामकरण, संसदेतलं भाषण, सगळं एकाच रकान्यात. शेवटी इंदिरा गांधी सर्वांत वर आल्या, वाजपेयी त्यांच्या खाली, आणि विश्वनाथ प्रताप सिंह जवळपास तळाला. मी तो तक्ता छान रंगवून प्रकरणात घातलासुद्धा.

त्याच महिन्यात भाचा नाशिकरोडच्या प्रेसच्या (केंद्राचा छापखाना) भरतीचा अर्ज भरत होता. नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यासाठी (ओबीसींतल्या सधन गटात मोडत नसल्याचा दाखला) मी त्याच्याबरोबर सेतू केंद्रात रांगेत उभी होते. (जाता जाता, तुमच्या घरात कोणी भरत असेल तर केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. आम्हाला दोन खेपा पडल्या.) रांगेत पुढेमागे वीस-पंचवीस मुलं. आणि माझ्या लक्षात आलं की ही रांग ज्या माणसामुळे आहे तो माझ्या तक्त्यात तळाला आहे. ७ ऑगस्ट १९९० ला विश्वनाथ प्रताप सिंहांनी मंडल आयोगाची, म्हणजे केंद्राच्या नोकऱ्यांत ओबीसींना २७ टक्के आरक्षणाची, शिफारस लागू करण्याची घोषणा केली, नोव्हेंबरात सरकार पडलं, पुन्हा ते कधी पंतप्रधान झाले नाहीत. ते गेले २७ नोव्हेंबर २००८ ला, मुंबईवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या आठवड्याचे अंक काढून बघा, त्यांच्यासाठी किती जागा उरली होती ते दिसेल. माझ्या पद्धतीने त्यांचा प्रभाव नगण्य ठरत होता, कारण मी प्रभाव नव्हे, प्रसिद्धी मोजत होते.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की कसोटी एकच लावा: त्या पंतप्रधानानंतर विरोधकांच्या हाती सत्ता आली तेव्हा त्याचं काय मोडलं गेलं नाही? मंडलवर राजीव गांधींनी लोकसभेत कडक टीका केली होती. १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने २७ टक्के उचलून धरले, क्रिमीलेअरची अट घातली, आणि १९९३ ला अंमलबजावणी केली ती काँग्रेसच्याच नरसिंह राव सरकारने.

मोरारजी देसाई घ्या. १९७९ नंतर सक्रिय राजकारणातून बाहेर, पेपरात जवळपास नाहीत. पण त्यांच्या काळात झालेल्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या कलमातला ‘अंतर्गत अशांतता’ हा शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ घातला आणि मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला. १९८० ला इंदिराजी प्रचंड बहुमताने परत आल्या, तरी ते कलम तसंच राहिलं. राजीव गांधींचं पंचायत राज विधेयक १९८९ ला राज्यसभेत पडलं. तोच विचार ते गेल्यानंतर ७३ वी घटनादुरुस्ती होऊन १९९३ ला लागू झाला. यातलं काहीच रेघा मोजून दिसत नाही.

नाशिकचं उदाहरण हवं असेल तर यशवंतराव चव्हाण. १९६३ ला नाशिक मतदारसंघातूनच बिनविरोध लोकसभेवर गेले, १९७९ मध्ये उपपंतप्रधान झाले. लोकांना ‘सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला’ तेवढंच आठवतं. पण ते मुख्यमंत्री असताना, १ मे १९६२ ला सुरू झालेली जिल्हा परिषदांची रचना पुढच्या प्रत्येक सरकारने वापरली. ते पंतप्रधान नव्हते, त्यामुळे मुख्य यादीत घालू नका, प्रस्तावनेत चालतील.

एक धोका मात्र आहे, तो टाळू नका. श्रेय कोणाचं? मंडल आयोग नेमला मोरारजींच्या सरकारने, अहवाल आला १९८० ला, धूळ झटकली दहा वर्षांनी. माझी कसोटी इथे अडखळते. तुम्ही ते प्रबंधात मोकळेपणाने लिहा, गुण कापले जाणार नाहीत असं मला वाटतं (हमी नाही).

आता कार्यालयाबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. चूक कळल्यावर मी शीर्षकात बदल मागितला. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही. पहिल्यांदा सांगितलं, गाइडची सही हवी. सही आणली तर म्हणाले, विभागप्रमुखांची हवी. तीही आणली तर समितीची बैठक होऊन गेली होती, पुढची कधी ते कोणालाच माहीत नाही. अर्ज हरवला, मी दुसरा दिला, त्याची पोच मागितली नाही. सात महिन्यांनी उत्तर आलं की नोंदणीची मुदत संपली, पुन्हा फी भरा. पगारातून भरली. तिथल्या एकाही माणसाने वाईट शब्द वापरला नाही, पण एकानेही तो कागद पुढे सरकवला नाही. अजून आठवलं की संताप होतो. तुम्ही शीर्षकाचा अर्ज याच आठवड्यात द्या, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अमेरिकेवरच्या पुस्तकांतली चौकट जशीच्या तशी आणू नका. तिथे १९५१ च्या घटनादुरुस्तीपासून राष्ट्राध्यक्ष म्हणून दोनदाच निवडून येता येतं, म्हणून दुसरी खेप संपली की माणूस कायमचा ‘माजी’. आपल्याकडे अशी मर्यादा नाही. १९७७ ते ८० मधल्या इंदिराजी माजी होत्या की परतीच्या वाटेवर? शिवाय आपले माजी सभागृहातच बसतात. चंद्रशेखर २००७ ला जाईपर्यंत लोकसभेत होते, मनमोहन सिंग एप्रिल २०२४ पर्यंत राज्यसभेत. नोटाबंदीवरचं त्यांचं २०१६ चं भाषण पूर्ण वाचा, कात्रणात दोनच ओळी मिळतात. संसदेच्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात.

जमवलेली कात्रणं टाकू नका. त्यातून जयंती, पुण्यतिथी आणि जाहिराती बाजूला काढा, उरलेल्यांच्या मागे तारीख आणि पान लिहा, आणि बाजूला काढलेल्यांची वेगळी फाइल ठेवा. प्रसिद्धी आणि प्रभाव यांतला फरक दाखवायला एक प्रकरण तीच देईल.