पाण्यावर फिरणारं जातं

प्रश्न : मे महिन्यात उत्तराखंडला फिरायला गेलो होतो तिथं एका ओढ्यावर 'घराट' म्हणजे पाण्यावरची पिठाची चक्की बघितली. वीज नाही, इंजिन नाही, चाकही कुठं दिसेना, आणि दाणे आपोआप पडत होते. हे चालतं कसं? आणि आपल्या नाशिककडे गोदावरी, दारणा, गिरणा एवढ्या नद्या असून बायका पहाटे उठून जात्यावरच का दळत बसल्या?
– एक वाचक भगिनी, सिन्नर

उत्तर : ताई, चाक दिसलं नाही कारण ते खोलीच्या खाली असतं आणि आडवं असतं. ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला वळवून लाकडी पन्हळीतून जोरात खाली सोडतात, ते चाकाच्या पात्यांवर आदळतं, आणि चाकाचा उभा दांडा खालच्या तळीतून, म्हणजे जात्याच्या खालच्या दगडातून, वर येऊन वरच्या तळीला फिरवतो. मधे गिअर वगैरे काही नाही, चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. आपल्याच जात्याचा खुंटा काढला आणि खालून ओढा जुंपला असं समजा.

दाण्यांची गंमत तर मला फारच आवडते. वर टोपली टांगलेली असते, तिला बांधलेल्या काठीचं दुसरं टोक फिरत्या तळीवर टेकलेलं. तळी खडबडीत त्यामुळे काठी थरथरते, टोपली हलते, चार दाणे भोकात पडतात. पाणी वाढलं की तळी जोरात फिरते, काठी जास्त थरथरते, दाणेही जास्त पडतात, पाणी उतरलं की दाण्यांची वैरण आपोआप कमी. म्हणजे दळणारा हात पाण्याचा आणि वैरण घालणारा हातही पाण्याचाच!

उभ्या चाकाची चक्कीपण जुनीच, रोमन लोकांना 2000 वर्षांपूर्वी माहीत होती. त्याच सुमाराच्या एका ग्रीक कवितेत कवी दळणाऱ्या बायकांना सांगतो की आता कोंबडा आरवला तरी झोपून राहा, तुमचं काम पाण्यातल्या देवता करतायत. माझी आजी कोंबड्याच्या आधी उठून दोन पायल्या दळायची, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

पण सगळीकडं सुखच आलं असं नाही. इंग्लंडमध्ये 1086 च्या पाहणीत सहा हजारांच्या आसपास पाणचक्क्या नोंदल्यात, आणि पुष्कळ ठिकाणी चक्की जमीनदाराची नाहीतर मठाची असायची, तिथंच दळायची सक्ती आणि दळणावळ म्हणून धान्यातला वाटा काढून घ्यायचे. सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीनं तर 1330 च्या दशकात लोकांची घरची जाती जप्त करून मठात फरशी म्हणून बसवली. लोकांनी ते विसरलं नाही, 1381 च्या शेतकऱ्यांच्या उठावात ती फरशी उखडून तुकडे घरोघरी नेले. जातं म्हणजे कष्ट खरे, पण ते आपल्या घरातलं, आपल्या मालकीचं असतं ना.

आता नाशिकचं. चक्कीला बारमाही, एकसारखी धार लागते. हिमालयातल्या ओढ्यांना झरे असतात, बर्फ असतं. आपल्या नद्या आषाढ-श्रावणात पूल बुडवतात आणि चैत्रात डोहांपुरत्या उरतात, मग चक्की चार महिने वाहून जायची भीती आणि चार महिने कोरडी. शिवाय बागलाणात मोसम, आरम, गिरणेवर जिथं बंधारे घालून पाणी अडवलं तिथं ते फडाला, म्हणजे सामायिक पाण्यावरच्या शेतांच्या पट्ट्याला गेलं, पाटकऱ्यानं पाळीपाळीनं शेतात सोडलं. मला विचाराल तर तेच बरोबर होतं, आधी गहू पिकला पाहिजे मग दळायचं.

आपल्याला जवळची म्हणजे संभाजीनगरची पाणचक्की, अठराव्या शतकातली, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली. तिथं चक्की नदीच्या धारेवर बसवली नाही, लांबच्या डोंगराकडचं झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलंय, म्हणून धार टिकली, आणि त्या पिठावर फकीर आणि यात्रेकरू जेवायचे. नाशिकहून सकाळी निघालात तर दुपारी पोचाल, आणि गेलात की नुसता हौद बघून परत फिरू नका, उंच भिंतीवरनं पाणी पडतं तिथं जरा थांबा.