उन्हाळ्यात उरलेलं अन्न टाकवत नाही आणि पुन्हा ओट्यापाशी उभंही राहवत नाही, काय करता येईल?

तुमच्या प्रश्नात तीन अडचणी आहेत: रात्री उरलेला भात, डाळ, भाजी सकाळपर्यंत आंबूस होते, फ्रीज लहान आहे, आणि उकाड्यात दुसऱ्यांदा गॅससमोर उभं राहणं नको वाटतं. पदार्थ सांगतोच, पण आधी साठवणीचं बोलू. उन्हाळ्यात अन्न वाचतं किंवा वाया जातं ते गॅस बंद केल्यानंतरच्या पहिल्या तासात. ती वेळ हुकली तर सकाळी कितीही चांगली फोडणी दिली तरी उपयोग नसतो.

जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. शिजलेलं अन्न बाहेर ठेवायला एरवी दोन तासांची मुभा धरतात. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. हा तास जेवण उरकल्यापासून नव्हे, गॅस बंद केल्यापासून मोजलेला बरा. म्हणून ताटं वाढण्याआधीच उद्याचा वाटा स्वच्छ चमच्याने वेगळा काढा. त्यात हात, उष्टा डाव, ओलं खोबरं, कच्चा कांदा यातलं काही जाऊ देऊ नका. जमलं तर फोडणी आणि मसाल्याआधीच काढा. साध्या डाळीचं उद्या चार प्रकारे काही करता येतं. मसाला घातलेल्या डाळीची फक्त कालचीच डाळ होते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे भात कुकरमध्येच झाकून ठेवणं, किंवा डाळ-भाजी गरम राहण्याच्या डब्यात रात्रभर ठेवणं. झाकलं की सुरक्षित राहिलं असं वाटतं, पण होतं उलटं. जाड बुडाचं, झाकलेलं भांडं तासन्‌तास ३५-४५ अंशांवर राहतं, आणि जंतूंना याहून सोयीचं काही नाही. झाकण उचलून आतली बाजू पाहा. तिथे जमलेले वाफेचे थेंब भातावर जिथे ठिबकतात तिथला भात ओला, चिकट होतो, आणि तार बहुधा तिथूनच सुटायला लागते.

थंड कसं करायचं? भात ताटात दोन बोटं जाडीचा पसरा आणि पंख्याखाली १५-२० मिनिटं ठेवा. वरून स्वच्छ पातळ फडकं टाका. डाळ किंवा रस्सा असेल तर भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा आणि परातीतलं पाणी तापलं की बदला. दोन-तीनदा पाणी बदललं की लिटरभर डाळ साधारण अर्ध्या तासात कोमट होते. न ढवळता ठेवली तर कडेने गार लागते आणि मध्ये तशीच गरम राहते. मग उथळ डब्यात भरा, थर ५ सेंटिमीटरहून जाड नको. भांड्याला तळहात लावून ठेवता आला की डबा फ्रीजमध्ये जाऊ द्या. पूर्ण गार व्हायची वाट पाहू नका. उकळतं पातेलंही थेट आत सरकवू नका, लहान फ्रीजमध्ये त्याने शेजारचं दूधही तापतं.

लहान फ्रीजला चौकोनी, चपटे डबे सोयीचे. गोल पातेली जास्त जागा खातात. शिजलेलं अन्न आत मागच्या बाजूला ठेवा. दाराचे कप्पे सगळ्यात कमी गार असतात, तिथे लोणची, चटण्या, पाण्याच्या बाटल्या. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. खच्चून भरलेल्या फ्रीजमध्ये हवा फिरत नाही आणि मधला डबा गार होतच नाही.

आता भात. याबद्दल मी जरा कडक आहे. तांदळावर एका जंतूचे बीजाणू असतात (बॅसिलस सेरियस), ते उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजलेला भात उबदार राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा तापवल्याने जात नाही, दही किंवा लिंबू घातल्यानेही जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वास नसला तरी टाकायचा. फ्रीजमधला भात २४ तासांच्या आत संपवा. बाकी डाळ-भाजी नीट गार करून ठेवली असेल तर तीन दिवस चालते.

फ्रीजमधला भात कडक, वाळूसारखा लागतो कारण थंडीत त्यातला स्टार्च पुन्हा आवळून बसतो. पाणी आणि उष्णता मिळाली की तो सैल होतो. म्हणून दहीभात करताना थंड भातात थेट दही कालवू नका. दोन वाट्या भाताला दोन मोठे चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं सणसणीत वाफ येऊ द्या, गरम असतानाच डावाने थोडा चेचा आणि ताटात पसरून गार करा. मग एक वाटी थंड दही आणि पाव वाटी थंड दूध. गरम भातात दही घातलं तर ते फाटून पाणी सुटतं आणि आंबटपणा लवकर चढतो. काकडी घालणार असाल तर किसून, पिळून घाला आणि मीठ वाढताना टाका, नाहीतर दहा मिनिटांत सगळं पाणी-पाणी होतं. पिळून निघालेलं काकडीचं पाणी ताकात जाऊ द्या.

परतलेल्या भातासाठी मात्र हाच कडकपणा हवा असतो. दाणे सुटे राहतात. फ्रीजमधून काढून हाताने नव्हे, काट्याने मोकळा करा, तवा चांगला तापवा आणि एका वेळी दोन वाट्यांहून जास्त टाकू नका. जास्त टाकला की तवा गार पडतो, भात परतला न जाता उकडतो आणि गोळा होतो. भात चार मिनिटं सतत हलवत, आतपर्यंत चटका बसेल इतका गरम झाला की काम झालं. कांदा, मिरची आधीच चिरून तयार असेल तर गॅस एकूण सात-आठ मिनिटं पेटलेला राहतो.

धिरडी हा तिसरा मार्ग, भात फारच मऊ झाला असेल तर हाच. एक वाटी भात, अर्धी वाटी रवा, अर्धी वाटी दही, पाऊण वाटी पाणी आणि मीठ मिक्सरमधून बारीक करा आणि फ्रीजमध्ये १५ मिनिटं ठेवा. पीठ डावातून पडलं की ताटात हळूहळू पसरेल इतपत हवं. धिरडं तव्याला चिकटत असेल, उलटताना फाटत असेल तर तव्याला दोष देण्याआधी भाताचं प्रमाण पाहा. शिजलेला स्टार्च चिकट असतो, तो धरून ठेवायला कच्चं पीठ लागतं. दोन चमचे रवा किंवा तांदळाचं पीठ वाढवा, पहिलं धिरडं जरा जाड घाला आणि कडा आपोआप सुटेपर्यंत उलटू नका.

डाळीचं मला सगळ्यात सोपं वाटतं. ती आळून घट्ट होते, आणि घट्ट डाळ म्हणजे आयतं कणीक मळायचं पाणी. एक वाटी घट्ट डाळीत साधारण दोन वाट्या कणीक बसते, पण कणीक एकदम ओतू नका, दीड वाटीपासून सुरुवात करून लागेल तशी वाढवा. डाळीत मीठ आधीच असतं हे विसरल्यामुळे पोळ्या खारट होतात. गोळा दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, उकाड्यात तो सैल होत जातो आणि लाटताना पोळपाटाला चिकटतो. डाळ पातळ असेल तर मळायच्या भानगडीत पडू नका. तिला नुसती उकळी द्या. आणि उकळी म्हणजे कडेने येणारे बुडबुडे नव्हेत. तळापासून ढवळल्यावर मधोमध रटरट उकळली पाहिजे, दोन-तीन मिनिटं. आतपर्यंत ७४ अंश गाठायचे असतात, आणि घट्ट डाळ वरून वाफाळत असली तरी मध्ये कोमट असते. पाहिजे तेवढीच काढून गरम करा. पूर्ण भांडं तापवून उरलेलं पुन्हा आत ठेवणं, मग संध्याकाळी परत तेच, यात प्रत्येक फेरीत ती उबदार टप्प्यातून दोनदा जाते.

सुकी भाजी टिकते, पाणीदार भाजी लवकर विटते, ओलं खोबरं घातलेली सगळ्यात आधी. उकडलेले बटाटे मात्र उन्हाळ्यात हाताशी असावेत. सालासकट उकडून, गार करून, न चिरता फ्रीजमध्ये ठेवले तर तीन दिवस गॅसशिवाय जेवण होतं. ते थंडच चिरा, गरम बटाटा सुरीखाली भुसभुशीत होतो. दोन वाट्या फोडींना पाऊण वाटी घट्ट दही, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरची, कोथिंबिरीचे बारीक चिरलेले देठ. देठ कोणी टाकतं याचं मला अजून आश्चर्य वाटतं, पानांपेक्षा त्यातच जास्त चव असते. दही पातळ असेल तर ते गाळणीवर फडक्यात घालून फ्रीजमध्येच अर्धा तास निथळा. खालचं पाणी कणकेत वापरा.

दही फार आंबट झालं तर टाकू नका. एक वाटी दह्यात दोन वाट्या थंड पाणी घालून हलकेच ढवळा, तासभर फ्रीजमध्ये स्थिर ठेवा आणि वर आलेलं नितळ पाणी ओतून द्या. बराचसा आंबटपणा त्याबरोबर जातो. गुलाबी किंवा हिरवट डाग, बुरशी दिसली तर मात्र पूर्ण भांडं रिकामं करा.

पाव फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा आणि कोरडा होतो. भातासारखंच कारण. दोन दिवसांत संपणार नसेल तर तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोठलेला थेट तव्यावर भाजा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढाच भाग खुडून बाकीचा खाऊ नका, मऊ पावात तिचे धागे आत खोलवर गेलेले असतात. उरलेल्या पोळ्यांच्या पट्ट्या कापा, चमचाभर तेलाचा हात लावा आणि अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. पट्टी वाकवली की मोडली पाहिजे. वाकत असेल तर आत ओलावा आहे आणि गार झाल्यावर ती चिवट लागेल. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. वर थंड दही, कांदा, टोमॅटो घालायचा तो खाताना.

फळांच्या बाबतीत थोडक्यात: जास्त पिकलेली केळी सोलून, तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर मिक्सरमधून फिरवली की आइस्क्रीमसारखी होतात. टोमॅटो मऊ पडायला लागले की अख्खे गोठवा, नळाखाली धरले की साल आपोआप सुटते. कलिंगडाचा साल आणि लाल गराच्या मधला पांढरा भाग टाकू नका. वरची हिरवी साल सोलाण्याने काढा, पांढरा भाग किसा, पिळा आणि दह्यात कालवा. काकडीची कोशिंबीर म्हणून खपते. फळ कापण्याआधी बाहेरून धुवा, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते.

गॅस वाचवायचा असेल तर पहाटे किंवा सकाळी लवकर एकाच कुकरमध्ये तीन भांडी लावा: डाळ, भात, बटाटे. बटाटे मध्यम आकाराचे घ्या किंवा दोन तुकडे करा, नाहीतर डाळ शिजते आणि बटाटा मध्ये कच्चा राहतो. भाताचं भांडं वर, डाळीचं खाली. डाळ आधी अर्धा तास भिजवली तर एक-दोन शिट्या कमी लागतात.

वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद दारामागे सुमारे चार तास थंडावा राहतो. गच्च भरलेला फ्रीझर बंद असेल तर दोन दिवस, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस टिकतो. चार तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर भात, डाळ, दूध यांची आशा सोडा. माठ किंवा ओल्या फडक्याने गुंडाळलेलं भांडं भाज्या, फळं ताजी ठेवायला चांगलं, पण दमट हवेत त्याने जेमतेम काही अंश उतरतात, शिजलेल्या भाताला ते पुरत नाही. फ्रीजच नसेल त्या घरात रात्रीचा भात मोजूनच लावावा. एका वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, त्या हिशोबाने मुठीने कमी घ्या आणि भूक उरली तर पोळीच्या कडक पट्ट्या, भाजलेले शेंगदाणे असं कोरडं काहीतरी डब्यात असू द्या.