वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन दुकान आणि बाहेरचा कारागीर

प्रश्न : इतवारीत आमचं सावजी मसाल्यांचं दुकान आहे. आता वेबसाइटवरून विकायचं म्हणतो. 40 मसाले आहेत, प्रत्येकाची तीन पॅकिंग. तिघांकडून कोटेशन घेतलं : 18 हजार, 45 हजार आणि सव्वा लाख. काम एकच, मग भावात एवढी तफावत कशी? काम कोणाला द्यावं?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : काम एकच नाही, म्हणून. 'वेबसाइट बनवून द्या' एवढंच सांगितलं की जो तो आपल्या मनाने काम धरतो. 18 हजारवाला बहुधा तयार थीम (साइटचा आयता साचा) बसवून पाच-सहा प्रॉडक्ट टाकून देईल आणि बाकीची भरणा तुमच्या गळ्यात पडेल. 40 मसाले, तीन-तीन पॅकिंग म्हणजे 120 नोंदी. प्रत्येकीला भाव, वजन, स्टॉक आणि फोटो. ही हमाली कोण करणार ते आधी ठरवा.

एका कागदावर लिहून काढा : नोंदी किती, फोटो कोण काढणार, कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायची का, कोणत्या राज्यांत माल पाठवणार, जीएसटीचं बिल आपोआप निघायला हवं का, पाकिटावरचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक पानावर कुठे दिसेल. (महाराष्ट्राबाहेर मसाला विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते, ते काम आधी उरका.) हाच कागद तिघांना देऊन पुन्हा भाव मागा. कोटेशनमध्ये 18 टक्के जीएसटी धरला आहे की वरून लागणार, तेही विचारा.

कुरियरचा हिशेब कागदावर जरूर टाका, कारण तिथेच नफा गळतो. बऱ्याच कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात. तो आकडा काट्यावरच्या वजनापेक्षा मोठा निघाला तर त्यावर पैसे लावतात. 30 × 20 × 15 चं खोकं म्हणजे 1.8 किलो. आत मसाला एकच किलो आणि साइटवरही एकच किलो टाकलेला असेल, तर वरचा फरक दर पार्सलला तुमच्या खिशातून जाणार.

पैसे चार हप्त्यांत द्या. सुरुवातीला 30 टक्के. चाचणी-साइटवर (गिऱ्हाइकांना न दिसणाऱ्या कच्च्या प्रतीवर) सगळ्या 120 नोंदी दिसल्यावर 40. साइट चालू होऊन खालची तपासणी पार पडली की 20. उरलेले 10 महिनाभराने.

तपासणी तुम्ही स्वतः करा, त्यासाठी कोडिंग यावं लागत नाही. एक रुपयाचं तात्पुरतं प्रॉडक्ट टाका. मोबाइलवरून यूपीआयने पैसे भरा आणि पेमेंट झाल्याबरोबर ब्राउझर बंद करा, साइटवर परत जाऊ नका. आता साइटच्या ॲडमिनमध्ये (मालकाच्या कारभाराच्या पानावर) बघा. ऑर्डर 'प्रोसेसिंग' दिसली तर ठीक. 'पेंडिंग पेमेंट'वरच अडकली असेल तर गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या बँकेत टाकणाऱ्या कंपनीचा) वेबहुक, म्हणजे आपोआप येणारा निरोप, जोडलेला नाही; पैसे आल्याची खबर साइटपर्यंत पोचतच नाही. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला दुकान जोडणारं प्लगइन) स्टॉक मोजणी चालू असेल तर न भरलेली ऑर्डर मुळात 60 मिनिटांनी आपोआप रद्द होते. गिऱ्हाइकाचे पैसे कटले, ऑर्डर रद्द, आणि शिव्या तुम्हाला! शिवाय त्या रुपयाची नोंद गेटवेच्या लाइव्ह खात्यात दिसते का तेही पाहा; चाचणीची 'की' (साइटला गेटवेशी जोडणारी गुप्त किल्ली) तशीच राहिली तर ऑर्डर दिसतात आणि बँकेत काहीच येत नाही. ऑर्डरचा मेल स्पॅममध्ये पडत असेल तर एसएमटीपी, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल नीट पाठवण्याची आणि तो खरंच तुमचाच आहे हे पटवण्याची सोय) लावून मागा.

भावापेक्षा आम्ही एका गोष्टीला जास्त वजन देऊ. डोमेन (साइटचं नाव-पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि गेटवे ही तिन्ही खाती तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या केवायसीवर उघडायला जो आढेवेढे घेईल, त्याला 18 हजारांतही काम देऊ नका. थीम आणि प्लगइनच्या (साइटला जोडायच्या तयार सोयींच्या) खरेदीची बिलंही मागा; फुकट मिळवलेल्या क्रॅक प्रतींमध्ये चोरवाटा लपवलेल्या असतात आणि अपडेट मिळत नाहीत.

आणि करार लेखीच हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाने तुमच्यासाठी लिहिलेल्या कोडचा मालक तोच असतो. हक्क लेखी दिले तरच तुमचे होतात. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं धरलं जातं. 'कायमचे, जगभरासाठी' हे शब्द विसरू नका.

प्रश्न : धरमपेठेत माझं साड्यांचं दुकान आहे. वेबसाइट बनवणारा पोट्टा चार महिन्यांपासून फोन उचलत नाही. पासवर्ड त्याच्याकडे, डोमेनही बहुतेक त्याच्याच नावावर. दुसऱ्याला काम द्यायचं तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ऑनलाइन पैसे कोणाच्या खात्यात जातात ते बघा. गेटवेचं खातं त्याचं असेल तर ऑनलाइन पेमेंट आजच बंद करायला लावा आणि तोवर व्हॉट्सॲपवर ऑर्डर, दुकानाच्या यूपीआयवर पैसे असं चालवा. खातं तुमचं असेल तर जुनी 'की' रद्द करून नवी काढा. मात्र नवी 'की' साइटमध्ये भरायला ॲडमिनचा पासवर्ड लागेल, तोवर साइटवरचं पेमेंट बंद राहील.

मग ईमेल. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलो'चे दुवे तिथेच येतात, म्हणून त्याचा पासवर्ड पहिला बदला. रिकव्हरीचा मोबाइल नंबर कोणाचा आहे तेही तपासा. त्या पोट्ट्याचाच निघाला तर बाकीची मेहनत पाण्यात. त्यानंतर होस्टिंग. खातं किंवा बिलं तुमच्या नावावर असतील तर कंपनी ओळखपत्र बघून ताबा देते. आत शिरताच फाइली आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप स्वतःच्या हार्डडिस्कवर उतरवा. नुसत्या फाइली घेतल्या तर साइटचा सांगाडा मिळतो. ऑर्डर आणि भाव डेटाबेसमध्ये असतात. मग वर्डप्रेसचे अनोळखी ॲडमिन काढून टाका.

डोमेन सगळ्यात चिवट. ते त्याच्या नावावर असेल तर रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) त्याचंच ऐकतो. राहिलेले पैसे असतील तर चुकते करून ट्रान्स्फरचा ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायचा गुप्त क्रमांक) लेखी मागा. डॉट इन डोमेनसाठी निक्सीकडे (ती डोमेनं सांभाळणारी संस्था) वादनिवारणाची सोय आहे, पण तिथे त्या नावावर तुमचा हक्क आणि समोरच्याचा खोटा हेतू दाखवावा लागतो, शिवाय खर्च आहे. दुकानाचं नाव ट्रेडमार्क नसेल आणि साइट वर्षा-दोन वर्षांचीच असेल तर नवं डोमेन घेऊन जुन्या गिऱ्हाइकांना कळवणं स्वस्त पडतं.

नव्या माणसाला तुमचा पासवर्ड देऊ नका. त्याचं वेगळं खातं काढा आणि काम संपलं की बंद करा. नुसता माल चढवणाऱ्याला ॲडमिनऐवजी वूकॉमर्समधला कमी अधिकारांचा 'शॉप मॅनेजर' पुरतो.

प्रश्न : देखभालीचे महिन्याला 3 हजार मागतात. द्यावेत का?
– एक वाचक, महाल

उत्तर : शॉपिफायवर (भाड्याने तयार ऑनलाइन दुकान देणारी कंपनी) दुकान असेल तर सहसा नको, सर्व्हर आणि सुरक्षा तेच सांभाळतात. वूकॉमर्स असेल तर हरकत नाही, पण 3 हजारांत काय ते लिहून घ्या : रोजचा बॅकअप सर्व्हरबाहेर, अपडेट आधी चाचणी-साइटवर, साइट बंद पडल्यास किती तासांत उत्तर, आणि महिन्याला किती तासांची किरकोळ कामं. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप प्रत्यक्ष उभा करून दाखवायला सांगा. आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, सुरक्षेचं तातडीचं सोडून, एकही अपडेट टाकू देऊ नका.