किनरा म्हणजे कर्कश नव्हे

प्रश्न असा आहे: जोतिबाच्या यात्रेवरच्या मजकुरात ‘पिपाण्यांचा किनरा आवाज’ असं लिहिलं होतं, तपासणाऱ्यानं तिथं ‘कर्कश’ केलं. अर्थ एकच ना?

नाही. ‘किनरा’ आवाजाची उंची सांगतो, ‘कर्कश’ त्याचा पोत. कर्कश म्हणजे मुळात हाताला खरखरीत, कठीण लागणारं. कानाला तो शब्द मागाहून लागला. म्हणून कावळा कर्कश, पण किनरा नव्हे. रातकिडा किनरा. पंखावर पंख घासून तो जो सूर काढतो, तो बऱ्याच जातींत ४ ते ५ हजार हर्ट्झचा असतो, आणि माणसाचा कान २ ते ५ हजारांच्या पट्ट्यातच सगळ्यात तिखट. एवढासा किडा झोप उडवतो तो त्यामुळे.

नुसती उंचीही पुरत नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीआधी हलगी शेकतात. चामडं ताणलं की तिचा आवाज चढतो, तरी ती किनरी होत नाही, कडाडते. तिच्या साथीचा झांजेसारखा कैताळ खणखणतो. किनरेपणाला सूर थोडा लांबावा लागतो आणि अंगानं बारीक असावा लागतो. सनई उंच असूनही भरीव, म्हणून तिला हा शब्द लावणं अन्यायच. पिपाणीला मात्र चपखल बसतो. मूळ मजकूरच बरोबर होता.

व्युत्पत्ती शोधताना बोट ‘किन्नर’कडे जातं: देवलोकीचे गवई. त्यांच्या नावाची किन्नरी वीणाही होती. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवानं १३व्या शतकात तिचे लघ्वी (लहान) आणि बृहती (मोठी) असे प्रकार नोंदवलेत. जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर सहसा दीर्घ होतो, मग ‘कीनरा’ का झालं नाही, अशी शंका येईल. पिष्टचं पीठ होतं, पण पुढं अक्षरं वाढली की पिठलं ऱ्हस्वच राहतं. तीच गत इथं. हिंदीतून आलेला ‘किन्नर’चा आजचा अर्थ यात आणू नये, टोमणा म्हणून तर नकोच.

शब्द विकारी आहे: किनरा गळा, किनरी हाक, किनरं रडणं, किनऱ्या आवाजात. शेवटच्या रूपात ‘ऱ्या’च हवा; ‘किनर्या’ लिहिलं तर ते ‘आर्या’सारखं वाचलं जातं. आणि मोबाइलवर लिहिणार असाल तर पाठवण्याआधी एकदा बघा, तो परस्पर ‘किनारा’ करून मोकळा होतो.