कॉलेज अ‍ॅडमिशनच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी करावी का?
मी पुण्यात दोन सीझन हे काम केलंय. बारावीचा निकाल लागला की नंबरांची एक्सेल शीट हातात येते आणि दिवसभर तेच: ‘सर, मुलाच्या अ‍ॅडमिशनचं काय ठरलं?’ मार्क, शाखा, बजेट विचारायचं; पालक तयार दिसले की लीड, म्हणजे त्यांचा नंबर आणि माहिती, कॉलेजकडे. पगार बेताचा, बाकी इन्सेंटिव्हवर. बोलायची भीती मात्र कायमची जाते.

मला खुपायचं ते ‘सीट संपत आल्यात, आजच बुक करा’ हे वाक्य. एका शेतकरी बापाने विचारलं, ‘ताई, कर्ज काढू का?’ म्हटलं, काका, आधी सीईटी सेलचे कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्या, होऊ द्या. त्यावरून टीम लीडरची बोलणी खाल्ली.

जॉइन होण्याआधी स्क्रिप्ट वाचायला मागा. खोटं बोलायला लावत असतील तर नका जाऊ.