हंगेरीच्या विद्यापीठांची खरी वयं

ताई, भाचीला पेचच्या मेडिकलला प्रवेश मिळाला, छान झालं. तुम्ही विचारलंय की पेच स्वतःला १३६७ चं म्हणवतं, देब्रेत्सेन १५३८ चं, सेगेद १५८१ चं, मग तिथलेच लोक १६३५ च्या बुडापेस्टच्या ‘एल्ते’ला सर्वांत जुनं विद्यापीठ कसं म्हणतात? ही सालं खरी की जाहिरातबाजी? वर एकाने ‘सगळ्या थापा’ असं उत्तर दिलंय, ते मला पटत नाही. सालं खरी आहेत. मात्र त्या सालापासून आजपर्यंत तिथे अखंड शिकवणं चालू आहे, असं धरून चालू नका. मी बुडापेस्टमध्ये बरीच वर्षं काढली आणि हा घोळ समजून घ्यायला मलाही वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पेच. चौदाव्या शतकात त्या भागातल्या राजांमध्ये विद्यापीठं काढायची चढाओढच होती. प्राग १३४८, क्राकोव १३६४, व्हिएन्ना १३६५. हंगेरीचा राजा लायोश मागे राहील कसा? त्याने १३६७ मध्ये पाचव्या अर्बन पोपची मान्यता मिळवली. पोपने धर्मशास्त्राची शाखा काही मंजूर केली नाही. भर होता तो कायद्यावर. काही दशकांतच हे विद्यापीठ विरून गेलं. पुढे ओबुडाला १३९५ मध्ये आणि पुन्हा १४१० मध्ये प्रयत्न झाला, तोही टिकला नाही. मग मात्याश राजाने पोझोन्यला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, १४६७ च्या सुमारास तिसरं काढलं. रेगिओमोंटानससारखा खगोलशास्त्रज्ञ तिथे शिकवायला आला होता. १४९० मध्ये राजा गेला आणि तेही बंद पडलं. राजाची किंवा बिशपची मर्जी होती तोवर पैसा होता, ती संपली की पैसाही आटला. शिवाय ऐपत असलेली मुलं व्हिएन्ना, क्राकोव, पादुआला जातच होती.

मग भाची जाणार ते पेच कुठलं? त्याचा जन्म १९१२ चा आणि तोही पेचमध्ये नाही. १९१२ च्या कायद्याने पोझोन्यला एक विद्यापीठ मंजूर झालं. पहिलं महायुद्ध हरल्यावर ते शहर चेकोस्लोव्हाकियात गेलं. प्राध्यापक मंडळी आधी बुडापेस्टला आली आणि १९२३ मध्ये पेचला स्थिरावली. १३६७ आणि १९२३ यांना जोडणारा धागा म्हणजे ते शहर, संस्था नव्हे.

सेगेदची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १५८१ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाचा राजपुत्र आणि पोलंडचा राजा इश्तवान बाथोरी याने कोलोझ्वारला (आज रुमेनियातलं क्लुज) जेझुइटांकडून, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका पंथाकडून, महाविद्यालय सुरू केलं. काही वर्षांतच जेझुइटांना हाकललं गेलं. त्याच शहरात १८७२ मध्ये आधुनिक विद्यापीठ आलं. १९१९ मध्ये ते रुमेनियाने ताब्यात घेतलं, तेव्हा हंगेरियन प्राध्यापक बुडापेस्टमार्गे १९२१ मध्ये सेगेदला पोहोचले. १९४० मध्ये उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला परत मिळाला, तसं विद्यापीठ पुन्हा कोलोझ्वारला गेलं आणि सेगेदमध्ये दुसरं उभं राहिलं! आज क्लुजमधलं बाबेश-बोल्याई विद्यापीठही १५८१ चाच वारसा सांगतं. म्हणजे एकाच पणजोबाचे वारस दोन देशांत. भांडण तसं जुनंच आहे, आणि ते काही विद्यापीठांपुरतं नाही.

यात मला सगळ्यात जास्त जीव आहे तो देब्रेत्सेनच्या १५३८ वर, कारण ते साल सर्वांत प्रामाणिक आहे. १५२६ मध्ये तुर्कांविरुद्धच्या मोहाचच्या लढाईत राजा पडला, १५४१ मध्ये बुडा तुर्कांच्या हाती गेलं आणि देशाचे तीन तुकडे झाले. पश्चिमेला ऑस्ट्रियाचं हाब्सबुर्ग घराणं, मध्ये तुर्क, पूर्वेला ट्रान्सिल्व्हेनिया. विद्यापीठ एकही उरलं नाही. ती पोकळी भरून काढली प्रोटेस्टंट महाविद्यालयांनी: शारोशपाताक, पापा आणि १५३८ चं देब्रेत्सेन. एकाच आवारात बाराखडी शिकणारं पोरही असे आणि धर्मोपदेशक होऊ घातलेला तरुणही. वरच्या वर्गातले विद्यार्थी खालच्यांना शिकवत. शारोशपाताकला १६५० ते १६५४ चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस राहिला आणि मुलांसाठी चित्रांतून शिकवायच्या प्रसिद्ध पुस्तकाचं काम त्याने तिथे केलं. देब्रेत्सेनचे विद्यार्थी गावाचं अग्निशमन दलही होते. जळत्या घराच्या भिंती पाडायला त्यांच्याकडे ‘गेरुंडियम’ नावाचे भलेमोठे सोटे असत.

या महाविद्यालयांच्या खर्चाची तजवीज आपल्याला लगेच कळेल. नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट या सणांना विद्यार्थी गावोगावी जाऊन प्रवचन करत आणि लोक देतील ते महाविद्यालयासाठी आणत. माधुकरीच म्हणा, फक्त घरोघरीऐवजी गावोगाव. गरीब मुलगा श्रीमंत विद्यार्थ्यांची कामं करून शिकत असे. ट्रान्सिल्व्हेनियातल्या नॉद्यएन्येदच्या अशाच महाविद्यालयातून, असाच राबून शिकलेला एक मुलगा पुढे ग्योटिंगेनला गेला आणि तिथून पूर्वेकडे निघाला, बराच प्रवास पायी. तो म्हणजे शांदोर क्योरोशी चोमा. १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश कलकत्त्यात छापला गेला, आणि १८४२ मध्ये तो दार्जिलिंगला वारला. कबर तिथेच आहे. दार्जिलिंगला गेलात तर जरूर बघा.

देब्रेत्सेनचं विद्यापीठ म्हणाल तर तेही १९१२ च्याच कायद्याचं. पण ते जुन्या महाविद्यालयाच्या उच्च शाखांतून निघालं, शहर तेच, परंपरा सलग. १९५० मध्ये सरकारने धर्मशास्त्र विद्यापीठातून बाहेर काढलं, तेव्हा ते पुन्हा महाविद्यालयाकडे आलं.

आता १६३५. एस्तेरगोमचा आर्चबिशप तुर्कांपासून पळून नाद्यसोंबातला (आज स्लोव्हाकियातलं त्रनावा) जाऊन राहिला होता, म्हणून त्या पदावरच्या पेतेर पाझ्मान्यने विद्यापीठ तिथे काढलं. सुरुवातीला तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र, १६६७ मध्ये कायदा, १७६९ मध्ये वैद्यक. (बुडापेस्टचं सेमेलवाइस वैद्यकीय विद्यापीठ स्वतःचं साल १७६९ सांगतं ते यामुळे.) तुर्क गेल्यानंतरही बराच काळ ते तिथेच होतं. हाब्सबुर्ग राणी मारिया तेरेसाने १७७७ मध्ये ते बुडाला आणलं, १७८४ मध्ये पेश्तला गेलं. गावं बदलली, पण शिकवणं मोडलं नाही, म्हणून ‘सर्वांत जुनं’ हा मान एल्तेचा. इथेही वाटेकरी आहेच. १९५० मध्ये पाझ्मान्यचं नाव काढून भौतिकशास्त्रज्ञ लोरांद एत्व्हशचं दिलं गेलं आणि धर्मशास्त्र शाखा वेगळी झाली. तिच्याभोवती १९९० नंतर पाझ्मान्य कॅथलिक विद्यापीठ उभं राहिलं. तेही १६३५ च सांगतं.

१७३५ या सालावरही दोघांचा हक्क आहे, मिश्कोल्त्स आणि शोप्रोन इथल्या विद्यापीठांचा. दोघांचं मूळ शेल्मेत्सबान्याच्या खाणकाम शाळेत, तेही गाव आता स्लोव्हाकियात. प्रयोगशाळेत हाताने काम करून रसायनशास्त्र शिकवायची तिथली पद्धत इतकी गाजली की १७९४ मध्ये पॅरिसमध्ये तिचा दाखला दिला गेला. १९१९ मध्ये ती अकादमी शोप्रोनला आली, पुढे खाणकाम-धातुशास्त्र मिश्कोल्त्सला गेलं आणि वनशास्त्र मागे राहिलं. १९५६ चा उठाव चिरडल्यावर शोप्रोनच्या वनशास्त्राचे सुमारे २०० विद्यार्थी आणि बरेच शिक्षक देश सोडून पार कॅनडात व्हँकूवरला गेले, आणि तिथल्या विद्यापीठाने त्यांना त्यांच्याच भाषेत पदवी पुरी करू दिली. एवढं फिरलेलं विद्यापीठ मला तरी दुसरं माहीत नाही.

तुम्ही शाळांबद्दलही विचारलंय. १७७७ च्या ‘रातिओ एदुकात्सियोनिस’ या शाही फर्मानाने शिक्षण पहिल्यांदा राज्याच्या देखरेखीखाली आणलं. उच्च शिक्षण लॅटिनमध्येच होतं. हंगेरियन राज्यभाषा झाली ती १८४४ मध्ये. १८६८ मध्ये योझेफ एत्व्हशच्या कायद्याने ६ ते १२ वयाला शाळा सक्तीची केली, आणि शिकवायचं मुलाच्या मातृभाषेत, म्हणजे स्लोव्हाक मुलाला स्लोव्हाकमध्ये. कागदावर हा फार उदार कायदा होता. १९०७ च्या आप्पोन्यी कायद्याने बिगर-हंगेरियन शाळांवर हंगेरियन भाषेची सक्ती घट्ट केली. तेरा वर्षांनी, महायुद्धानंतर, हे बिगर-हंगेरियन लोकांचे प्रदेश देशाच्या हातून गेले, त्याचं एक कारण मी तरी इथेच शोधतो.

‘नोबेलवाल्यांच्या शाळा’ हा प्रकार मात्र थोडा फुगवलेला आहे. बुडापेस्टच्या फाशोरी लुथेरन शाळेत गणितज्ञ फॉन नॉयमन आणि नोबेल मिळवणारा भौतिकशास्त्रज्ञ विग्नर शिकले, लास्लो रात्स त्यांचे गणिताचे शिक्षक, हे खरं. १८९४ मध्ये द्योर गावच्या एका शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं आणि त्याच वर्षी विद्यार्थ्यांची गणित स्पर्धा सुरू झाली, हेही खरं. पण या शाळा मूठभर, राजधानीतल्या, मध्यमवर्गाच्या. आणि १९२० मध्ये याच देशाने ‘नुमेरुस क्लाउझुस’ कायदा आणून विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण ६ टक्क्यांवर बांधलं. विग्नर, सिलार्द, टेलर हे भौतिकशास्त्रज्ञ सगळे जर्मनीत शिकायला गेले आणि पुढे अमेरिकेचे झाले. आज त्यांचे फोटो अभिमानाने लावतात, तेव्हा हा कायदाही शेजारी लावावा असं मला वाटतं.

खेड्यांसाठी खरं काम कुनो क्लेबेल्सबेर्गने केलं. १९२२ ते १९३१ तो शिक्षणमंत्री होता. शेतवस्त्यांवर वर्गखोल्या आणि शिक्षकांची घरं मिळून ५,००० च्या आसपास बांधकामं त्याने करवली. शास्त्रज्ञ सेंट-द्योर्दीला सेगेदला त्यानेच आणलं. सेंट-द्योर्दीला क जीवनसत्त्वाच्या कामासाठी १९३७ चं नोबेल मिळालं. १९४५ मध्ये आठ वर्षांची एकसमान प्राथमिक शाळा आली, १९४८ मध्ये बहुतेक चर्चशाळा सरकारने घेतल्या, पुढे रशियन सक्तीची. ती १९८९ मध्ये गेली.

भाचीच्या कामाचं एवढंच: वैद्यक शाखा १९५१ मध्ये विद्यापीठांतून वेगळ्या केल्या होत्या, पेचची २००० मध्ये परत जोडली गेली. तिथलं इंग्रजी माध्यम १९८४ पासूनचं आहे. तिच्या दृष्टीने महत्त्वाचं साल हेच. २०२१ मध्ये पेचसह बरीच विद्यापीठं सरकारने प्रतिष्ठानांकडे दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने अशा प्रतिष्ठानांशी नवे इरॅस्मस (विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेचे) करार थांबवले. देवाणघेवाणीतून दुसऱ्या देशात एक सत्र करायचा तिचा विचार असेल तर सद्यस्थिती विद्यापीठालाच लेखी विचारा.

आणि गुण ५ पासून १ कडे उतरतात. ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे नापास. तोंडी परीक्षा भरपूर, चिठ्ठी उचलायची आणि आलेल्या विषयावर थोडी तयारी करून बोलायचं. तेव्हा पहिल्या सत्रात तिने फोनवर ‘एक मिळाला’ असं सांगितलं तर पेढे वाटू नका.